अंश सगळे सांगतात, छेद कोण सांगणार?

पोस्ट लांब आहे. सिकलसेलवर आहे, आणि सरकारी आरोग्य योजनेला आपण "यशस्वी" कशावरून म्हणतो, यावरही आहे. विदर्भातले असाल तर दहा मिनिटं काढून वाचा. बाहेरचे असाल तर तुमच्या जिल्ह्यात जी योजना चालू असेल तिचं नाव सिकलसेलच्या जागी घालून वाचा. फारसं काही बदलणार नाही.

१९ जूनला जागतिक सिकलसेल दिन असतो. त्या आठवड्यात आपल्याकडच्या पेपरांत एक ठरलेली बातमी येते. अमुक तालुक्यात इतक्या हजार जणांची सिकलसेल तपासणी, उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण. सोबत बॅनर, टेबल, रांगेत उभ्या शाळकरी मुली आणि पाहुण्यांचा फोटो. बातमी खोटी नसते. तपासण्या खरंच झालेल्या असतात, आशाताईंनी उन्हातान्हात फिरून लोक गोळा केलेले असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की या बातमीवरून योजना चालते की नाही हे कळत नाही. कळावं अशी व्यवस्थाच आपण केलेली नाही.

मी नागपुरात सार्वजनिक आरोग्य शिकते. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एका चालू योजनेच्या मूल्यमापनाचा आराखडा तयार करावा लागतो. काय विचारायचं, कोणाला विचारायचं, कशाशी तुलना करायची, हे सगळं कागदावर मांडायचं आणि समितीसमोर त्याचा बचाव करायचा. मी सिकलसेल घेतला. पूर्व विदर्भातल्या एका तालुक्यात त्यासाठी काही महिने जाणं-येणं केलं. तालुक्याचं नाव लिहीत नाही. गावं लहान आहेत, रुग्ण मोजके आहेत, नाव लिहिलं की माणसं ओळखू येतात.

आधी आजाराबद्दल थोडं, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सिकलसेल हा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार. तांबडी पेशी गोल असते ती विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, लवकर फुटते. मग रक्त कमी, डोळे पिवळे आणि हाडांत-सांध्यांत असह्य वेदना. एकाच पालकाकडून दोष आला तर माणूस "एएस", म्हणजे वाहक. त्याला सहसा काही त्रास नसतो. दोघांकडून आला तर "एसएस", म्हणजे रुग्ण. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के.

नागपूरला हा विषय नवा नाही. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ ची, निलगिरीच्या डोंगरातली. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९५८ मध्ये, नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर "लॅन्सेट"मध्ये लिहिलं. पुढे संपत रामटेके यांनी इथेच रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र आणून संघटना उभी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भारतातला सिकलसेल सौम्य असतो अशी एक समजूत बराच काळ होती. ती खोडून काढणाऱ्या कामात नागपूरच्या मेडिकलच्या बालरोग विभागाचा वाटा मोठा आहे. डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी गंभीर त्रास असलेल्या मुलांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध कमी, ठरावीक मात्रेत देऊन पाहिलं आणि त्याचा फायदा २०१२ मध्ये छापून दाखवला. म्हणजे आजार ओळखणारे, लढणारे आणि औषध तपासून पाहणारे, तिन्ही आपल्याच गावात झाले.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मिशन सुरू झालं. चाळिशीच्या आतल्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हा आजार संपवायचा, असं ध्येय. २०२५ च्या मध्यापर्यंत ६ कोटींहून जास्त तपासण्या झाल्याचं सरकारने सांगितलं. इतक्या कमी वेळात इतकं काम झालं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

आता मुद्द्यावर येते.

त्या तालुक्यात मला जो मासिक अहवालाचा नमुना दाखवला गेला, त्यात ठळक रकाने असे होते: उद्दिष्ट, तपासणी झालेले, टक्केवारी, पॉझिटिव्ह, वाटलेली कार्डं, समुपदेशन केलेले. रकाने नीट भरलेले होते, कोणाची हयगय नव्हती. पण डावीकडून उजवीकडे कितीही वेळा वाचला तरी एका प्रश्नाचं उत्तर त्यात सापडत नव्हतं: ज्या पोराला एसएस निघाला, त्याचं पुढे काय झालं?

गावात जी पहिली तपासणी होते ती सोल्युबिलिटी टेस्ट. बोटातलं रक्त, छोटी नळी, द्रावण गढूळ झालं की पॉझिटिव्ह. स्वस्त आणि सोपी. पण ती वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगत नाही. दोघांचंही द्रावण गढूळच होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर तिच्यावर भरवसाच ठेवता येत नाही. म्हणून पॉझिटिव्ह निघालेल्यांचं रक्त पुढे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिससाठी पाठवावं लागतं. तिथून रिपोर्ट परत यायला हवा, तो घरी पोचायला हवा, रुग्णाची नोंद व्हायला हवी, औषध सुरू व्हायला हवं, आणि सर्वांत अवघड म्हणजे ते चालू राहायला हवं. या एवढ्या पायऱ्या आहेत. "तपासणी झालेले" हा आकडा पहिल्या पायरीचा.

एक उदाहरण घेऊ. आकडे माझ्या मनाचे आहेत, फक्त समजण्यापुरते.

समजा तालुक्याला २०,००० तपासण्यांचं टार्गेट होतं आणि २०,००० झाल्या. शंभर टक्के. त्यात २०० सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह निघाले. या २०० पैकी १२० जणांचे पक्के रिपोर्ट परत आले, ८० जणांचे आले नाहीत. आलेल्या १२० मध्ये १२ एसएस निघाले. त्या १२ पैकी ७ जणांचं नाव उपचाराच्या रजिस्टरमध्ये चढलं. आणि ४ जण हायड्रॉक्सियुरिया नियमित घेत आहेत.

आता सांगा, किती टक्के रुग्णांना औषध मिळतं?

रजिस्टरवाला म्हणेल, सातापैकी चार. ५७ टक्के. बरं चाललंय.

प्रयोगशाळेचे रिपोर्ट बघणारा म्हणेल, बारापैकी चार. ३३ टक्के.

आणि कोणी चौकस माणूस म्हणेल, थांबा, न आलेल्या ८० रिपोर्टांचं काय? आलेल्यांत दहाला एक एसएस निघाला, तर या ८० मध्येही आठेक असणार. म्हणजे एकूण वीस. विसापैकी चार. २० टक्के.

पोरं तीच चार. गोळ्या त्याच. शाळेत शिकवलेला अपूर्णांक आठवा, वर अंश आणि खाली छेद. अंश बदललाच नाही, फक्त छेद बदलला, आणि "बरं चाललंय"चं "पाचातले चार सुटले" झालं. ते आठ जण तर कुठल्याच कागदावर नाहीत. त्यांना स्वतःलाही माहीत नाही. दर हिवाळ्यात हातपाय दुखतात, घरचे "वात आहे" म्हणून तेल चोळतात, आणि शासनाच्या लेखी त्यांची तपासणी "पूर्ण" आहे.

माझ्या आराखड्याचा कणा हाच होता. किती तपासण्या झाल्या इथून सुरुवात करायची नाही. पॉझिटिव्ह निघालेल्या प्रत्येक माणसापासून सुरुवात करायची आणि पायरी-पायरीने पुढे जाऊन तो कुठे गळला हे बघायचं. रिपोर्ट आला का? घरी कोणी सांगितला? नोंद झाली का? औषध कोणत्या तारखेला सुरू झालं? गेल्या महिन्यात किती दिवस गोळ्या नव्हत्या? आणि शेवटचा प्रश्न, ज्यासाठी हा सगळा खटाटोप: त्रास कमी झाला का?

हा शेवटचा प्रश्न कसा मोजायचा यावर आमच्या गाइडसोबत कितीतरी चहा झाले. रुग्णालयात किती वेळा भरती व्हावं लागलं, रक्त किती वेळा चढवलं, हे मोजता येतं. पण गरीब माणूस दुखलं तरी दर वेळी दवाखान्यात जात नाही, मजुरी बुडते म्हणून घरीच पडून राहतो. मग भरती कमी झाली याचा अर्थ त्रास कमी झाला की एसटीचे पैसे नव्हते? सवलत आहे हो प्रवासाला, पण तिला कागद लागतो आणि कागद काढायला परत प्रवास लागतो. म्हणून शाळकरी मुलांसाठी मी शाळेचा हजेरीपट घेतला. तो आरोग्य खात्याने भरलेला नसतो, त्यामुळे त्यात कोणाला चांगलं दिसायचं नसतं. पण मास्तरांना एका मुलाचं नाव विचारलं की त्याचा आजार गावभर होतो. म्हणून पालकांची संमती आधी, आणि शाळेत गेल्यावर अख्ख्या वर्गाचा हजेरीपट मागायचा, एकट्या पोराचा नाही. मोठ्यांसाठी बुडालेली मजुरी विचारायची, तीही गेल्या महिन्याचीच. वर्षभराचं कोणाला आठवत नाही.

तुलनेचाही प्रश्न होता. थंडीत दुखणं वाढतं हे रुग्ण सांगतात, डॉक्टरही सांगतात. अंगातलं पाणी कमी झालं तरी वाढतं. म्हणजे नागपूरचा डिसेंबर वाईट आणि नागपूरचा मेही वाईट, कारणं वेगळी. अशा आजारात जानेवारीत मोजून ऑक्टोबरशी तुलना केली तर ऋतूचा हिशेब योजनेच्या खात्यात जमा होतो. तुलना वर्षाच्या त्याच महिन्यांशी करायची.

दुसरी गंमत. माणूस दवाखान्यात येतो तेव्हा त्याचा त्रास सगळ्यांत जास्त असतो, म्हणून तर तो येतो. त्यानंतर काहीच केलं नाही तरी काही दिवसांनी थोडं बरं वाटतंच. "नोंदणीनंतर रुग्णांना फरक पडला" असं नुसतं आधी-नंतर दाखवून सिद्ध करता येतं, आणि त्यात योजनेचा वाटा शून्य असू शकतो. हे टाळायला सोबत दुसरा गट लागतो. मग लोक विचारतात, काही रुग्णांना औषध द्यायचं आणि काहींना नाही, असं करणार का? अजिबात नाही. पण नाहीतरी नवीन सोयी सगळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एका दिवशी पोचत नाहीत. पाठपुराव्याचं प्रशिक्षण आधी या केंद्राला, मग त्या केंद्राला, असंच होतं. तो क्रम वशिल्याने किंवा सोयीने ठरतो, त्याऐवजी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवा. आधी मिळालेल्या आणि अजून न मिळालेल्या केंद्रांची तुलना आपोआप होते. कोणाचं काही हिरावलं जात नाही. खर्च चिठ्ठ्यांच्या कागदाचा.

हे पुस्तकी वाटत असेल तर गडचिरोलीकडे बघा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या "सर्च"ने नव्वदच्या दशकात घरोघरी नवजात बालसेवा दिली तेव्हा ३९ गावांत सेवा होती आणि ४७ गावं तुलनेला होती. दोन्हीकडे प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला. सेवेच्या गावांत नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. तुलनेच्या गावांत तो जवळपास होता तिथेच राहिला. १९९९ साली हे "लॅन्सेट"मध्ये छापून आलं आणि जगाने मान्य केलं. पुढे २०११ मध्ये देशभराच्या आशांसाठी ही पद्धत सरकारने घेतली. आज बाळंतिणीच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येते ना, त्या फेऱ्यांमागे गडचिरोलीच्या गावांतली ती मोजणी आहे. ती ४७ गावं मोजली नसती तर कोणीही म्हटलं असतं, जमाना सुधारला म्हणून मृत्यू कमी झाले. मोजणी प्रामाणिक होती म्हणून योजना टिकली.

आता एक गोष्ट जी मी मुद्दाम मोजायची नाही असं ठरवलं.

समुपदेशनात वाहकांना सांगितलं जातं की लग्नाआधी जोडीदाराचीही तपासणी करा. सल्ला बरोबर आहे. मग आराखड्यावर चर्चा चालू असताना एकाने सुचवलं, "वाहक-वाहक विवाह किती टाळले" हा निकष घ्या, आकडा छान दिसेल. मी घेतला नाही. एकदा हा रकाना फॉर्मात आला की तो भरायचं टार्गेट येणार, आणि टार्गेट आलं की लग्न जमलेल्या घरात जाऊन कोणीतरी बोलणार. गावात लग्न मोडतं तेव्हा बोल कोणाला लागतो हे मला कोणी सांगायला नको. पोरीला. पोराचंही रक्त एएसच असतं, पण "खोट" पोरीत निघते. मी ज्या घरांत गेले तिथे पोरांची कार्डं पेटीवर ठेवलेली होती आणि पोरींची पेटीत, साड्यांच्या खाली. एका मावशीने सरळ सांगितलं, "बाई, कार्ड दिलं ते ठीक केलं, पण पोरीच्या सोयरिकीच्या आधी परत येऊ नोको."

म्हणून मी त्या जागी वेगळं विचारलं. समुपदेशन कोणत्या ठिकाणी झालं, दाराआड की अंगणात सगळ्यांसमोर? सांगितलेलं किती समजलं? "वाहक म्हणजे आजारी नाही" हे घरातल्या सासूला माहीत आहे का? कार्ड दिल्यानंतर कोणी टोचून बोललं का? योजनेने होणारं नुकसान मोजणं हाही मूल्यमापनाचा भाग आहे, आणि आपल्याकडे तो रकाना कुठल्याच फॉर्मात नसतो.

आशाताईंबद्दल लिहायलाच हवं. प्रश्नावली तयार करण्याआधी मी त्यांच्यासोबत बसले. माझ्या सगळ्या वाचनापेक्षा एका वाक्याने जास्त शिकवलं. एक ताई म्हणाली, "मॅडम, नंबर तं भरून झाला. पण त्या पोराच्या गोळ्या सरल्या हे मी कोन्त्या कागदावर लिहू?" तिला पोराचं नाव माहीत होतं, घर माहीत होतं, गोळ्या कोणत्या आठवड्यात संपल्या तेही माहीत होतं. म्हणजे माहिती गावात होती. लिहायला जागाच नव्हती, आणि जागा नसल्यामुळे वर कोणाला विचारावंही लागत नव्हतं. दुसऱ्या ताईने सांगितलं की हायड्रॉक्सियुरिया "कॅन्सरचं औषध" आहे असं कोणीतरी दुकानात सांगितलं आणि घरच्यांनी बंद केलं. औषध मूळचं कॅन्सरसाठीच वापरात आलं, हे खरं. पण सिकलसेलमध्ये त्याचा फायदा १९९५ पासून अभ्यासांत दिसत आलाय. ही भीती घालवायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं कोणाच्या कामात धरलेली नाहीत.

यावर उलट बाजूने जे म्हटलं जातं तेही ऐका, कारण त्यात तथ्य आहे.

पहिलं: "कर्मचाऱ्यांना आधीच रजिस्टरांनी मारलंय, तुम्ही अजून रकाने वाढवा." हे शंभर टक्के खरं. आरोग्य सेविकेच्या टेबलावरचा रजिस्टरांचा ढीग मी पाहिलाय. म्हणूनच माझं म्हणणं रकाने वाढवा असं नाही, बदला असं आहे. वाटलेली कार्डं, लावलेले बॅनर, घेतलेल्या सभा हे काढून टाका. त्या जागी तीन ठेवा: पक्का रिपोर्ट मिळाला, औषध सुरू झालं, या महिन्यात खंड पडला का. ओझं कमीच होईल.

दुसरं: "टार्गेट नसतं तर एवढ्या तपासण्या झाल्याच नसत्या." हेही खरं. पण आपल्या व्यवस्थेला जे मोजायला सांगाल ते ती करून दाखवते, हेच त्यातून सिद्ध होतं. तपासण्या मोजल्या, तपासण्या झाल्या. उपचार मोजा, उपचार होतील.

तिसरं, जे एका बैठकीत मला तोंडावर ऐकवलं गेलं: "काम चांगलं चाललंय, मूल्यमापन कशाला? उगाच कमी-जास्त निघालं तर उत्तर कोण देणार?" बोलणारा माणूस वाईट नव्हता, कामाचा होता. त्याची भीतीही खोटी नाही, कारण आपल्याकडे मूल्यमापन म्हणजे चौकशी आणि चौकशी म्हणजे कोणाचा तरी बळी. रिपोर्ट परत आले नाहीत म्हणून सेविकेला नोटीस निघते, मशीनचं रसायन का संपलं हे कोणी विचारत नाही. अशा वातावरणात खरा आकडा कोण लिहील? खरा आकडा हवा असेल तर तो लिहिणाऱ्याला संरक्षण द्यावं लागेल.

आणि तरीही सध्या जे चालू आहे ते असंच आहे: पेपर स्वतः काढायचा, स्वतः सोडवायचा, स्वतःच तपासायचा आणि निकालाचा फोटो पेपरात द्यायचा. दहावीच्या पोराला आपण असं करू देत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. त्याला मोठं बजेट लागत नाही.

एक. दर जिल्ह्याने तपासण्यांच्या आकड्यासोबत तीन आकडे जाहीर करावेत: पॉझिटिव्हपैकी किती जणांचा पक्का रिपोर्ट बाकी आहे, एसएसपैकी किती जण उपचारावर आहेत, आणि गेल्या तीन महिन्यांत औषध किती दिवस संपलेलं होतं. नावं नकोत. आकडे द्या, आणि छेदासह द्या.

दोन. योजना सुरू करतानाच, पहिल्या दिवसाआधी, यश कशाला म्हणायचं ते लिहून ठेवा. नंतर ठरवलं की जे झालंय त्यालाच यश म्हणायचा मोह होतो.

तीन. मूल्यमापन योजना राबवणाऱ्याकडे नको. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, एम्स आहे, समाजकार्याची महाविद्यालयं आहेत. दर वर्षी शेकडो विद्यार्थी प्रबंध लिहितात आणि ते कपाटात जातात. प्रत्येक बॅचला एक तालुका द्या. फुकटात स्वतंत्र नजर मिळेल, आणि पोरांनाही गाव कळेल.

चार. प्रश्नावली ठरवायच्या खोलीत एक आशा आणि एक रुग्ण असलाच पाहिजे. बोलवायचं, भत्ता द्यायचा, त्यांच्या भाषेत बोलायचं.

पाच. निष्कर्ष गावात परत जाऊन सांगा. ज्यांनी दार उघडून दोन तास दिले, आजाराबद्दल, पोरीबद्दल, पैशाबद्दल सांगितलं, त्यांना निकाल कळायचा हक्क आहे. माझ्या आराखड्यात ग्रामसभेची तारीख खर्चाच्या पानावर लिहिलेली होती, म्हणजे नंतर "वेळ उरला नाही" म्हणता येणार नाही.

आराखडा समितीने मंजूर केला. तो राबवला जाईल की कपाटात जाईल, ते माझ्या हातात नाही. पण एक गोष्ट तुमच्या हातात आहे. पुढच्या वेळी "उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण" अशी बातमी दिसली, सिकलसेलची असो, क्षयरोगाची असो की कुपोषणाची, तर खाली एवढंच विचारा: शंभर टक्के, पण कशाचे? नगरसेवकाला विचारा, जिल्हा परिषद सदस्याला विचारा, आमदाराच्या पोस्टखाली विचारा. प्रश्न सभ्य आहे, कायदेशीर आहे आणि त्याला उत्तर आहे. ते फक्त कोणी मागत नाही म्हणून तयार ठेवलेलं नाही.

आशा, सेविका, सिकलसेल सहायक, डॉक्टर, रुग्णांच्या घरचे, कोणी वाचत असाल तर कमेंटमध्ये लिहा: तुमच्या गावात एसएस निघालेल्या पोराच्या गोळ्या वेळेवर मिळतात का? गावाचं आणि पोराचं नाव मात्र लिहू नका. तालुका पुरे.